सात नंबरची पवनचक्की

पवनचक्की हा माणसाने पक्षिजातीवर केलेला आजवरचा सर्वांत मोठा अत्याचार आहे आणि इतिहास त्याला कधीही क्षमा करणार नाही, असा ठराव आमच्या गोदाकाठ रेसिंग कबूतर मंडळाने २००६ सालच्या मार्चमध्ये एकमताने संमत केला. मंडळाचे सभासद नऊ. त्यांतले चौघे चहा सांगायला गेले होते, एक जण गच्चीवर पाणी ठेवत होता, आणि उरलेल्या चौघांपैकी पवनचक्की जवळून कोणीच पाहिलेली नव्हती. ठराव मी लिहून घेत होतो. मीही पाहिलेली नव्हती.

पण आम्हाला धक्काच तसा बसला होता.

आमची मोठी शर्यत दर वर्षी मनमाडहून सुटायची. त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष, कांद्याचे व्यापारी धनराजशेठ, म्हणाले की मनमाड म्हणजे पोरखेळ झाला, यंदा शिरपूरहून सोडू. शिरपूरहून नाशिकला येताना कबुतराला सटाण्याकडचे डोंगर ओलांडावे लागतात, आणि त्यांतल्या एका डोंगरावर नुकत्याच पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. ही गोष्ट खलीलभाईंनी काढली.

"शेठ, वाटेत पंखे लागलेत."

"अहो, तुमच्या दुकानात कबूतर पंख्याखालीच बसतं की दिवसभर."

"तो पंखा चार वर्षं बंद आहे, शेठ."

शेठ हसले आणि शिरपूर कायम झालं.

खलीलभाईंचं जुन्या नाशकात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मंडळात त्यांच्याएवढा शिस्तीचा माणूस दुसरा नाही. आता ही शिस्त काय ते सांगितलं पाहिजे. कबूतर नाशकात पोचलं म्हणजे शर्यत संपली, असं नसतं. ते खाली उतरून आपल्या हातात यावं लागतं, पायातली रबरी रिंग काढून शर्यतीच्या घड्याळाच्या खाचेत टाकावी लागते, तेव्हा वेळ नोंदली जाते. समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसून ते तासभर पिसं साफ करत बसलं तर मालकाने खालून फक्त बघायचं. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी कबुतराला अर्धपोटी ठेवतात, आणि घराजवळ आलं की पत्र्याच्या डब्यात बाजरी घालून तो खळखळ वाजवतात. शिकवलेलं कबूतर तो आवाज ऐकला की दगडासारखं खाली येतं.

खलीलभाईंची मलिका एका खळखळीत यायची. राखाडी रंगाची, मानेवर हिरवी झाक, तीन वर्षं ओळीने पहिली. तीन दिवसांची असताना तिची आई गेली, तेव्हा खलीलभाईंनी तिला स्वतःच्या तोंडाने डाळीचं पाणी भरवून वाढवली होती. त्यांची बायको सलिमाभाभी म्हणायची, "तीस वर्षं मी हाका मारतेय, हे एकदा वळले नाहीत. आणि यांना वाटतं, डबा वाजला की सगळ्यांनी यायलाच पाहिजे."

रविवारी सकाळी सात वाजता शिरपूरहून एकतीस कबुतरं सुटली. दहा वाजता आम्ही सगळे आपापल्या गच्चीवर डबे घेऊन उभे. पावणेअकराला पहिलं कबूतर दिसलं, ते धनराजशेठचं 'सरपंच'.

सरपंच हे डब्याला कधीच न जुमानणारं कबूतर. दर वर्षी तो वेळेत यायचा आणि टाकीवर बसायचा. शेठ खाली डबा वाजवून घामाघूम, तो वर डोळे मिटून. या वेळीही तो पाऊण तास बसला, मनात आलं तेव्हा उतरला, आणि पहिला आला. शेठला स्वतःलाच ते पटेना. त्यांनी घड्याळ दोनदा कानाला लावून पाहिलं.

संध्याकाळपर्यंत वीस कबुतरं आली. सगळी मंडळातली टुकार म्हणून ओळखली जाणारी. अकरा आली नाहीत, आणि ती अकरा म्हणजे मंडळाची अब्रू होती. कधी चुकली नाहीत अशी, डब्याला मान देणारी. ती यादी मी वाचून दाखवली. चहा आला होता, तो तसाच राहिला. आमच्या मंडळात हे प्रथमच घडत होतं.

खलीलभाई सोमवारी सकाळीही गच्चीवर डबा वाजवत होते. शेजारच्या कोंबड्या आल्या. मलिका आली नाही.

मंगळवारी ठराव झाला. त्याच्याबरोबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं तीन पानी निवेदन लिहायचं माझ्याकडे आलं.

"लिहा, अण्णा," खलीलभाई म्हणाले. "'कत्तल' शब्द टाका."

"खलीलभाई, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कत्तल कसं लिहू?"

"मग पाहू," ते म्हणाले.

गुरुवारी धनराजशेठच्या जीपमधून आम्ही तिघे निघालो. खलीलभाईंनी सलिमाभाभींची एक पांढरी ओढणी धुऊन घडी करून घेतली होती, मलिकेला गुंडाळून पुरण्यासाठी. भाभींनी जीप सुटता सुटता बाजरीचा डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हा कशाला?"

"राहू दे."

आम्ही डोंगरावर पोचलो. फोटोत पवनचक्की खेळण्यातल्या भिरभिऱ्यासारखी दिसते. खाली उभं राहिलं की तिची सावली अंगावरून जाते, परत येते, आणि दर वेळी मान आपोआप खाली होते. एकेक पातं एसटीच्या दोन गाड्या पुढेमागे लावाव्यात एवढं. यातून आपण अर्धपोटी कबुतरं पाठवली, हा विचार तिघांच्याही मनात एकदमच आला असावा, कारण तिघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

खलीलभाई जमिनीकडे बघत चालू लागले. पहिल्या खांबाभोवती एक फेरी, मग दुसऱ्या. प्रत्येक झुडूप हाताने बाजूला करून. सापडलं ते असं: गुटख्याच्या पुड्या, एक डावी चप्पल, आणि सहाव्या खांबाखाली एक मेलेलं वटवाघूळ. ते कोणत्याच मंडळाचं सभासद नव्हतं. खलीलभाई त्याच्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग ओढणीची एक पट्टी फाडून त्यांनी ते गुंडाळलं आणि दगडाखाली ठेवलं.

तेवढ्यात रखवालदार आला. लहानू त्याचं नाव, खालच्याच गावचा, अहिराणी बोलणारा. कंपनीचा एवढा एकच माणूस हाती लागल्यामुळे धनराजशेठने त्याला खाटेवर बसवून निवेदन सुरुवातीपासून वाचून दाखवलं. "सबब सदर डोंगरावरील सर्व पवनचक्क्या तात्काळ व कायमस्वरूपी बंद करण्यात याव्यात," हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. लहानू शांतपणे ऐकत होता.

"वाची व्हयनं?"

"झालं."

"मंग ते अकरा कबूतर तुमना शेतस का?"

शेठच्या हातातले कागद खाली आले.

"लई जा, बाबा," लहानू म्हणाला. "चार दिनमा मनी सगळी बाजरी खाई टाकी."

वळणापलीकडे सात नंबरची पवनचक्की होती. तिच्या पायथ्याला पत्र्याची एक खोली, आणि पत्र्यावर एका ओळीत, शाळेत प्रार्थनेला मुलं उभी राहावीत तशी, अकरा कबुतरं. एकाचंही पीस वाकडं झालेलं नव्हतं. चौथी मलिका. मी पाहिलं, खलीलभाईंनी जीपमधून आणलेला डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

तेवढ्यात वरचं पातं फिरलं आणि पन्नास मीटर उंचीवरून आवाज आला.

खळ-खळ-खळ.

अकरा माना एकदम वर झाल्या.

पुढच्या फेऱ्याला पुन्हा. खळ-खळ-खळ. हुबेहूब पत्र्याचा डबा, आत मूठभर बाजरी.

लहानूने सांगितलं की बसवताना पात्याच्या पोकळीत एखादा नट राहिला असावा. फेरा झाला की तो गडगडतो. त्याने दोनदा कळवलं होतं, ऑफिसने बघतो म्हटलं होतं. रविवारी सकाळी हा थवा वरून जात होता, तो अचानक वळला आणि सरळ खाली येऊन बसला. "इतला शिस्तमा बसनात," तो म्हणाला, "मी म्हनं, भुक्या व्हतीन. टाकी बाजरी."

पवनचक्कीपासून शर्यतीच्या कबुतरांना धोका आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर आम्हाला मिळालं होतं. आहे. पण ज्यांना आपण नीट शिकवलं त्यांनाच.

"म्हणजे माझा सरपंच..." शेठ हळूच म्हणाले.

"ऐकत नाही म्हणून घरी आला," मी म्हणालो.

शेठला यावर अभिमान वाटावा की लाज, ते ठरेना. त्यांनी टोपली काढली, आपली दोन आणि इतरांची आठ कबुतरं हाताने उचलून आत टाकली आणि मलिकेकडे वळले.

"तिला नाही," खलीलभाई म्हणाले.

"अहो, धरतो ना. बसलीय समोर."

"धरून मांजरही नेतं, शेठ. ती माझ्या डब्यावर आली तर माझी."

त्यांनी डबा वाजवला. मलिका उठली. पत्र्याच्या कडेपर्यंत दोन पावलं आली, मान तिरकी करून खलीलभाईंकडे पाहिलं. वरून खळ-खळ-खळ झालं. तिने वर पाहिलं आणि मागे जाऊन बसली.

पुन्हा वाजवला. पुन्हा ती उठली, पुन्हा वरून आवाज. खलीलभाईंनी जीभ टाळूला लावून तो खास आवाज काढला, पिल्लू असताना भरवताना काढायचे तो. तिने पाहिलं. वारा वाढला, पाती जोरात फिरली. ती गेली.

एका माणसाचा डबा आणि एक आख्खा डोंगर. खलीलभाई घामाने भिजले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला राग म्हणता येत नव्हतं. पोटच्या मुलीने भर बाजारात ओळख दाखवू नये, तसं काहीतरी होतं. मी दुसरीकडे पाहू लागलो. शेठच्या हातात निवेदनाची तीन पानं फडफडत होती.

खलीलभाईंनी डबा खाली ठेवला आणि ते लहानूपाशी गेले.

"भाऊ, हे बंद करता येतं?"

"खाले लाल बटन शे," लहानू म्हणाला. "पन ऑफिसले सांगनं पडस."

खलीलभाईंनी एकदा पत्र्याकडे पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणून, जणू मलिकेने ऐकू नये असं, म्हणाले,

"दोन मिनिटं फक्त. नाही आली तर लगेच चालू करा. बंद केली होती हे मी कुणाला सांगणार नाही."