एकेचाळीस नंबरची नळी

आमच्या प्रयोगशाळेत मला फौजदार म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं आणि, खोटं कशाला सांगू, आवडतंही. रक्ताचे नमुने हा माझा प्रांत. तिथे ढिलाई दिसली की समोर नवखा आहे की साहेब, हे मी बघत नाही.

आमचे सर आठ वर्षं मेंदूतल्या एका प्रथिनाच्या मागे हात धुऊन लागले आहेत. विस्मरणाचा आजार जडायच्या आधीच हे प्रथिन रक्तात कमी व्हायला लागतं, असा त्यांचा अंदाज. तो खरा ठरला तर आजाराची चाहूल वेळेत लागेल, आणि ते प्रथिन टिकवणारं औषध सापडलं तर त्याला उंबरठ्यावरच अडवता येईल. पण तुलनेसाठी साठ ठणठणीत म्हातारे हवे होते. ते जमवताना आमच्या नाकी नऊ आले, तेव्हा मी बाबांनाच घेऊन गेले. बाबांनी तेहतीस वर्षं बस चालवली. एक थांबा कधी चुकला नाही, पण घरातल्या घरात रोज चष्मा हरवतात आणि मी रोज त्यांच्यावर ओरडते.

नळीवर नाव नसतं, फक्त नंबर. रक्त कुणाचं ते आम्हाला कळता कामा नये. पण बाबांची नळी मीच भरली होती. एकेचाळीस.

पंधरा दिवसांनी आकडे आले. बाकी सगळे शंभराच्या आसपास, एकेचाळीस नंबर मात्र अठ्ठावन्न. मी तो आकडा तीनदा पडताळून पाहिला.

बोलू कुणाशी? सरांना सांगावं तर नंबर लक्षात ठेवल्याचा गुन्हा कबूल करावा लागणार. मग मी घरीच तपास सुरू केला.

"बाबा, आज वार कोणता?"

"कालच्या नंतरचा."

"नीट सांगा ना."

"का, तुझी सुट्टी बुडतेय का?"

दुसऱ्या दिवशी चष्मा फ्रीजमध्ये निघाला. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी पुसून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "असू दे बाबा, होतं असं." तीन आठवडे मी अशी मधाळ वागले. बाबाही गप्प गप्प राहायला लागले, आणि तेही मला लक्षणच वाटलं.

शेवटी धीर सुटला. सरांच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "ती नळी बदलली होती का हो?"

"हो. पहिलीच्या झाकणावर ओरखडा होता. बाबांचं रक्त, म्हटलं, चांगल्या नळीत राहू दे."

"एकदाच?"

"दोनदा. दुसरीचं लेबल तिरकं बसलं होतं."

सरांनी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे लाल शाईत, माझ्याच अक्षरात पाटी होती: 'एका नळीतून दुसरीत ओतू नये. प्रथिन प्लॅस्टिकला चिकटतं.' ओताल तितकं ते नळीच्या आतल्या बाजूला चिकटून राहतं आणि आकडा खाली येतो. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

त्या संध्याकाळी बाबांना म्हटलं, "परत थोडं रक्त लागेल." त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन मुकाट्याने बाही वर केली. या वेळी एकच नळी, आणि मोजणी सरांनी स्वतः केली. एकशे तीन.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी पळाले. बाबा खिडकीशी बसले होते. "बाबा, तुम्ही ठणठणीत आहात," म्हणत मी नळीचं सगळं रामायण सांगितलं.

ते खिडकीकडून माझ्याकडे वळले. "म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

"काहीच नाही. चूक माझी होती."

"अगं, तीन आठवडे तू माझ्यावर एकदाही ओरडली नाहीस. मला वाटलं, संपलं आता आपलं. तुला कळलंय आणि तू सांगत नाहीस." त्यांनी गालावरून हात फिरवला. "रोज दाढी करताना माझ्या बसचे सगळे थांबे म्हणून बघायचो. परवा मधला एक सुटला, तर दाढी अर्धीच टाकून बसलो."

मला रडू आलं आणि संतापही आला. संताप आधी बाहेर पडला.

"मग विचारायचं नाही का मला? तोंडाला कुलूप घातलं होतं का? एवढा मोठा माणूस, आणि एकट्याने घाबरत बसायचं? काही अक्कल?"

बाबांनी डोळे पुसले, खुर्चीत आरामात मागे टेकले आणि म्हणाले, "अजून थोडं ओरड."