रथ गल्लीत शिरला

मित्रांनो, देवळाच्या मागच्या दालनात एक जुना लाकडी रथ उभा आहे ना? तोच मी. देऊळ दगडाचे, मी सागवानाचा. वयाने मात्र आम्ही जवळपास बरोबरीचे.

मला घडवणाऱ्या सुतारांनी माझी रुंदी गावातल्या सर्वांत अरुंद गल्लीवरून ठरवली. ज्यांना देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्या दारी वर्षातून एकदा देवाने जायचे, ही इथली रीत. पिढ्यान्‌पिढ्या मी ती ताठ मानेने पाळली.

मग एके वर्षी माझ्या चाकांचा आस मोडला आणि देव मोटारीत बसला. मोटार हमरस्त्याने भुर्रकन जाऊन आली. गल्लीत ती मावेचना. मी धूळ खात पडलो. माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या.

सासऱ्यांचा सुतारकामाचा धंदा चालवणाऱ्या सुतारीणबाईंची आई त्याच गल्लीच्या टोकाला अंथरुणाला खिळलेली होती. एकदा बाई पुजारीकाकांना म्हणाल्या, "आई सारखी विचारते, देव आपल्यावर रुसला का गं? रथ माझ्या ताब्यात द्या, मी उभा करते."

त्यांनी नवा आस बसवला, चाकांचे सैल आरे ठोकून घट्ट केले. मिरवणुकीच्या दिवशी मी ऐटीत निघालो खरा, पण गल्लीच्या चढावर चाक खड्ड्यात रुतले. ओढणारे घामाघूम झाले.

"मागे घ्या! मोटार आणा!" कुणीतरी ओरडले.

सुतारीणबाईंनी पुढे होऊन दोर धरला.

पुजारीकाका गडबडले. "अगं, बायकांनी दोराला हात लावायची रीत नाही."

"काका, देवाने दारी जायचं ही रीत मोठी, की दोर कुणी धरायचा ही?"

काका दोरापाशी आले. मग उपरणे कमरेला आवळत म्हणाले, "सरक थोडी. मलाही जागा दे."

हे ऐकताच दारोदारच्या सासवा, सुना, मुली पदर खोचून धावल्या. चाके करकरली आणि मी उसळून वर आलो! काय तो जल्लोष! टोकाच्या घरातल्या आजींनी उशीवरून मान उचलली. "आलास का रे बाबा!" एवढेच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आता दरवर्षी दोर धरायला जागा पुरत नाही. मला फुले वाहा, पण आधी चाकांना तेल द्या, वाळवी लागू देऊ नका. आणि जुन्या वस्तूला दालनात कोंडून तिचा मान राखला, असे समजू नका. तिला तिचे काम करू द्या.