खरवडलेला मासा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. मातीचा, कान तुटलेला, पोटावर ओरखडे असलेला. हायडेलबर्गच्या एका संग्रहालयात पुठ्ठ्याच्या खोक्यात राहतो. माझे देखणे भाऊबंद काचेमागे मिरवतात. मी पडलो गरीब नात्यातला.

माझा जन्म इथल्याच नेकार नदीकाठच्या भट्टीत झाला. तेव्हा इथे रोमन साम्राज्य होतं. मला विकत घेतलं सेकुंदा नावाच्या विधवेनं. ती सैनिकांचे लोकरी झगे रफू करायची. तिला एक लहान मुलगी होती.

एकदा दक्षिणेकडून एक तेलाचा व्यापारी आला. नवा ख्रिस्ती धर्म तेव्हा असाच पसरत होता, व्यापाऱ्यांच्या, गुलामांच्या, शिपायांच्या तोंडून, एका गावाहून दुसऱ्या गावाला. दर रविवारी पहाटे सात माणसं सेकुंदाच्या खोलीत दार लावून बसत. गुलाम आणि मालकीण एकाच भाकरीचा तुकडा मोडून खात. हे माझ्याच उजेडात घडलं आहे. व्यापाऱ्यानं खिळ्यानं माझ्या पोटावर मासा कोरला. ती त्यांची आपसातली खूण. मला केवढा मान वाटला!

मग सम्राटाचं फर्मान आलं. प्रत्येकानं चौकात जुन्या देवांपुढे धूप जाळायचा आणि तसा दाखला घ्यायचा. दाखला नसेल त्याला कोठडी. बळी तो कान पिळी! व्यापाऱ्यानं नकार दिला आणि तो कोठडीतच मेला; बाकीचे लपून राहिले. सेकुंदाची मुलगी तापानं फणफणली होती. आईच गेली तर तिच्या तोंडात पाणी कोण घालणार? सेकुंदानं चिमूटभर धूप जाळला आणि दाखला घेतला.

पुढच्या रविवारी तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. ते दुसऱ्या घरी जमले होते. ती मला हातात घेऊन तिथे गेली, तर आतून आवाज आला, "तू धूप जाळलास. इथे तुला जागा नाही."

आठ दिवसांनी मुलगी गेली. सेकुंदा मला घेऊन पुन्हा त्या दाराशी गेली. "निदान तिच्यासाठी प्रार्थनेला या," म्हणून विनवत राहिली. दार उघडलं नाही. मग एकटीनंच तिनं खड्डा खणला. घरी येऊन खिळा घेतला, माझ्या पोटावरचा मासा खरवडला आणि मला विहिरीत टाकलं. मला राग आला नाही.

सतराशेवर वर्षं मी गाळात काढली. मग विहीर उपसली गेली आणि मी या खोक्यात आलो. गेल्या महिन्यात मला दोघांनी बाहेर काढलं. पुण्याचा चारुदत्त संगणकावर आमची चित्रं तयार करतो. नागपूरची क्रांती आमच्यावर संशोधन करते.

"हे स्क्रॅचेस स्मूद करून टाकतो. डॅमेजच आहे," चारुदत्त म्हणाला.

"थांब," क्रांती म्हणाली. "पडून आलेले ओरखडे असे एकाच जागी नसतात. बघ, खाली मासा आहे. कुणीतरी मुद्दाम खरवडलाय."

"शत्रूनं असेल."

"शत्रूनं दिवाच फोडला असता रे. हे घरच्या माणसाचं काम."

तिनं मला उजेडात धरलं. मग म्हणाली, "माझ्या विठ्ठलआजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. पण पोस्टातली राखीव नोकरी तेव्हा बौद्धांना मिळत नसे. चार पोरं पदरात. त्यांनी फॉर्मवर जुना धर्म लिहिला, दाखला काढला. वस्तीनं टोमणे मारले. त्यानंतर ते विहारात कधी आत आले नाहीत, बाहेर पायरीवरच बसायचे. कॉलेजात असताना मीपण त्यांना म्हणाले, तुम्ही विकले गेलात. त्याच वर्षी ते गेले."

चारुदत्तनं ओरखडे तसेच ठेवले.

क्रांतीनं माझ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'मासा. बहुधा मालकानंच खरवडलेला.' विभागप्रमुखांनी ते खोडलं. पुरावा नाही म्हणाले, आणि त्यांचंही खरंच होतं. मी परत खोक्यात गेलो. झाकण लावण्याआधी क्रांतीनं ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. "चुकलं माझं, आजोबा," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं कुठलाही दिवा सांगेल. माझं मागणं थोडं वेगळं आहे. पायरीवर कुणी बसलेलं दिसलं, तर त्याला वेळेत आत बोलवा. सेकुंदा त्या दाराशी दिवेलागणीपर्यंत उभी होती. आत माणसं होती, आणि त्यांना तिचा आवाज ओळखू येत होता.