सहा इंचांची पंचमीची लेक

कृष्णात चौगले गेली नऊ वर्षं बाहुल्यांना मार्क देत होता आणि आता त्याला त्याचा मनापासून वीट आला होता. दिवसा तो लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर बसायचा. संध्याकाळी शिवाजी पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत टेबलावर पांढरा कागद अंथरायचा, मोबाईल स्टँडला लावायचा आणि हौशी लोक जमवतात तसल्या व्हिनाइलच्या मूर्ती समोर ठेवून बोलायला लागायचा. 'डबा उघडा' हे त्याच्या चॅनेलचं नाव. थोराड डोक्याच्या, इवल्याशा हातापायांच्या या मूर्ती खेळायच्या नसतात, कपाटात मांडायच्या असतात. रंग ओठाबाहेर सांडलाय का, मानेचा सांधा दिसतो का, मूर्ती आधाराशिवाय उभी राहते का, हे तो बघायचा आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचा.

पेठेत पोरांनी फुटबॉल खेळावा आणि बाप्यांनी त्यावरून भांडावं, असा शिरस्ता. तिथं पंचेचाळिशीचा गडी बाहुल्या खेळतो म्हटल्यावर लोक काय सोडतात होय? सुरुवातीला कृष्णातला त्या चेष्टेचाही अभिमान वाटायचा. नवी डबी आली की तो जेवण अर्धं टाकून उठायचा. आता 'नमस्कार मंडळी' म्हणतानाच जांभई यायची, ती तो नंतर कापून टाकायचा. नऊ वर्षांत त्यानं एवढ्या जांभया कापल्या होत्या, की त्या जोडल्या असत्या तर एक वेगळा व्हिडिओ झाला असता. कदाचित तोच जास्त खरा निघाला असता.

अशात पुण्याच्या एका कंपनीकडून पार्सल आलं. सणांच्या जुन्या कहाण्यांवर त्यांनी मूर्तींची मालिका काढली होती आणि पहिली मूर्ती नागपंचमीची होती. कंपनीच्या दीप्तीमॅडमनी फोनवर दोन अटी सांगितल्या. डबी पंचमीच्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर उघडायची आणि व्हिडिओ चारच्या आत टाकायचा, ही पहिली. दुसरी अट त्यांनी हसत हसत घातली. तुम्हाला लग्न झालेली बहीण असेलच ना, पंचमी म्हणजे भावाबहिणीचा सण, ती शेजारी बसलेली पाहिजे. हे जमलं तर पुढच्या अकरा मूर्तीही कृष्णातकडेच येणार होत्या. कृष्णात हो म्हणाला. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो त्याच्याकडे उरला नव्हता.

बहीण होती. शालन, त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, कुरुंदवाडला दिलेली. आई बयाबाई जिवंत होती तोवर पंचमीच्या आधी चार दिवस ती कृष्णातला सुखानं जेवू द्यायची नाही. लेकीला आणायला जाणारा मुराळी म्हणजे दुसरा कोण, भाऊच. मग कृष्णात गाडी काढायचा आणि शालनला घेऊन यायचा. आई गेली त्याला सात वर्षं झाली. त्या वर्षी तो गेला. दुसऱ्या वर्षी रोगाची साथ होती, रस्ते बंद होते. तिसऱ्या वर्षी कृष्णेला पूर आला. चौथ्या वर्षी प्रेसमध्ये काम होतं. पुढं कारण शोधायचीही गरज पडेना. भांडण नव्हतं, वाटणीचा वाद नव्हता, कुणी कुणाला वाकडा शब्द बोललं नव्हतं. नुसतं राहून गेलं. भांडण असतं तर निदान मिटवता आलं असतं.

पंचमीच्या सकाळी, 'आक्काकडं जाऊन येतो,' एवढंच निशिगंधाला सांगून तो निघाला. बायकोनं चमकून त्याच्याकडे बघितलं. ती पुरणाची दिंडं उकडायला ठेवत होती. पंचमीला तवा चढवायचा नाही, विळी काढायची नाही, काही चिरायचं, कापायचं नाही, हा सासूनं घालून दिलेला नेम ती अजून पाळत होती. डबी पिशवीत घालून कृष्णातनं गाडीला किक मारली. हातकणंगल्याच्या पुढं भुरभुर सुरू झाली, तेव्हा त्यानं अंगातला रेनकोट काढून आधी डबीला गुंडाळला. डबी भिजली तर व्हिडिओची वाट लागली असती.

कुरुंदवाडला शालनच्या दारात गाडी थांबायच्या आधीच समोरची बाई आत ओरडून आली होती, 'शालन, तुझा मुराळी आला गं.' शालन ओल्या हातांनी बाहेर आली. केस पुरते पांढरे झाले होते. तिनं त्याला नखशिखान्त बघितलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि मग दारातच उभी राहून उगीच पदर सारखा करत राहिली. तिचा चेहरा एवढा उजळला होता की कृष्णातला तिकडं बघवेना. काल तिनं भावाचा उपास धरला असणार, हे त्याच्या ध्यानात आलं. दर वर्षीच धरत असणार.

सोप्यात कॉटवर एक रेक्झिनची पिशवी भरून ठेवलेली होती. वर हिरव्या साडीचा काठ दिसत होता. दाजी, म्हणजे शालनचे मालक पिराजीराव, खुर्चीत पेपर वाचत होते. माणूस सरळ, जिभेला हाड नाही. पावण्यांनी पिशवीकडं बघितलेलं त्यांनी बघितलं.

"दर पंचमीला भरती," ते पेपरमागूनच म्हणाले. "सांजच्याला रिकामी करती. आमी काय बोलत न्हाय."

कृष्णातला बसल्या जागी जमीन दुभंगावी असं वाटलं. जमीन काही दुभंगत नाही, तिला दुसरी कामं असतात. शालन चहा घेऊन आली. त्याच्या पिशवीतून डोकावणाऱ्या डबीकडं तिनं एकदा बघितलं आणि समोर पाटावर बसली.

"न्यायला आलायस न्हवं, किसना?"

खोटं बोलणं सोपं होतं. एक 'व्हय' म्हटलं की भागलं असतं. व्हिडिओही झाला असता आणि शालनही गाडीवर मागं बसली असती. पण कृष्णात इतका दमला होता, की त्याला खोटंही पेलवेना. माणूस कधी कधी चांगुलपणानं खरं बोलत नाही, थकव्यानं बोलतो.

"न्हाय आक्का," तो म्हणाला. "ही डबी उघडायला आलोय. कंपनीला भन दावायची हाय."

दाजींनी पेपर खाली केला.  शालननं कृष्णातचा कप उचलला, आत नेऊन विसळला, बराच वेळ विसळत राहिली. परत आली तेव्हा तिनं हात पदराला पुसले आणि कुठं बसू, म्हणून विचारलं. एवढ्या लांबून आलायस तर काम करून जा, असं तिचं म्हणणं. कृष्णातनं मान खाली घालून मोबाईल स्टँडला लावला. त्या घडीला त्याला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी आईच्या तेराव्याला प्रेसमधून उशिरा घरी पोचला होता तेव्हाही वाटली नव्हती.

डबी चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद केलेली होती. सवयीनं कृष्णातनं खिशातला कटर काढला. शालननं नुसता हात पुढं केला आणि त्यानं तो मुकाट्यानं परत खिशात घातला. पंचमीला पातं चालवायचं नाही. तिनं डबी मांडीवर घेतली, पट्टीचं टोक नखानं शोधलं आणि सोलायला लागली. लहानपणीही दोऱ्याच्या गाठी तीच सोडवायची, कृष्णात दातानं तोडायचा. पाच मिनिटं गेली. नऊ वर्षांत इतक्या सावकाश उघडलेली डबी त्यानं पहिल्यांदाच बघितली, आणि नवल म्हणजे त्याला जांभई आली नाही.

आतून सहा इंचांची मुलगी निघाली. हिरवं लुगडं, हातात बांगड्या, मोठे काळे डोळे. पाटावर चंदनानं नऊ नाग काढलेले, पुढं दुधाची वाटी. मूर्तीमागं उभा करायचा पुठ्ठाही होता. त्यावर लिंबाच्या झाडाला बांधलेला झोका, भरलेलं अंगण आणि खाली अक्षरं: माहेरी आलेली लेक.

कृष्णातनं बोलायला सुरुवात केली. रंग नीट, ओठाबाहेर गेलेला नाही. मानेचा सांधा केसांत लपवलाय, शाब्बास. बांगड्या वेगळ्या घडवून घातल्यात. वाटीतलं दूध जरा निळसर, तेवढा अर्धा गुण कापतो. मग कंपनीनं लिहून दिलेली कहाणी तो वाचायला लागला. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं सापडली आणि मेली. चिडलेल्या नागिणीनं त्याचं अख्खं घर डसून आडवं पाडलं. एक लेक तेवढी उरली होती, तिलाही डसायला नागीण निघाली. पण माहेरी आलेली ती गुणी लेक पाटावर नाग काढून दूध वाहत बसली होती. नागीण दूध प्याली, शांत झाली, तिनं अमृत दिलं आणि लेकीनं ते शिंपडून आईबाप, भाऊ, सगळे उठवले.

"माहेरी न्हवती ती," शालन म्हणाली.

कृष्णात थांबला. कॅमेरा चालू होता.

"आईनं दर वर्षी सांगितली की रं. माहेरी असती तर तीबी मेली असती. सासरी हुती." तिनं मूर्ती उचलून तळहातावर घेतली. "पंचमीचा दिस, आन् लेक सासरी. का हुती, कवा इचार केलास?"

त्यानं केला नव्हता. लहानपणापासून कहाणी ऐकली, हजार मूर्तींचे सांधे तपासले, आणि हा एवढा उघडा सांधा त्याला कधी दिसला नव्हता.

"कुणी न्यायला गेलं न्हवतं तिला," शालन म्हणाली. "म्हणून वाचली ती." मग मूर्तीचं तोंड बोटानं जरा वर करून तिनं बघितलं. "डोळं चांगलं केल्यात बग. दाराकडं हायत."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं कृष्णातला वाटलं. त्यानं गुण सांगितले नाहीत. मोबाईल बंद केला, स्टँड मिटला आणि कॉटवरची पिशवी उचलली. चल आक्का, गाडीवर बस, निशिगंधानं दिंडं केल्यात, असं तो म्हणाला.

शालननं त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली. ओढून नाही, हळूच.

"ती म्हायेरी गेली तवा तिच्या हातात अमृत हुतं. माझ्या हातात काय हाय?" ती म्हणाली. "तू आज कामाला आलतास, काम झालं. फुडल्या पंचमीला ये. डबी न घेता ये. मी पिशवी भरूनच ठेवती."

दाजींनी खाकरून पेपर पुन्हा वर केला. शालननं लाह्या आणि फुटाण्यांची पुडी बांधून भावाच्या खिशात कोंबली, लहानपणी कोंबायची तशीच. मूर्ती तिनं ठेवून घेतली. आपल्या नागांच्या पाटाशेजारी तिला मांडली आणि वाटीतल्या दुधाचा एक थेंब बोटानं तिच्यापुढं सोडला. पुठ्ठा मात्र परत दिला. खोटं घरात नको, म्हणाली.

हातकणंगल्याला चहाच्या टपरीवर थांबून कृष्णातनं व्हिडिओ जसा होता तसा टाकून दिला. एक अक्षरही कापलं नाही. अर्ध्या तासात दीप्तीमॅडमचा फोन आला. पुठ्ठ्यावरच्या चुकीचं वरच्या साहेबांना विचारावं लागेल, असं त्या जरा नरमाईनं म्हणाल्या. पण ताई फारच छान बोलल्या, लोकांना आवडतायत. राखीच्या, भाऊबीजेच्या मूर्तींनाही ताईच हव्यात, मग पुढचं सगळं पक्कं समजा. कृष्णात म्हणाला, ताई येणार नाहीत. का, म्हणून त्यांनी विचारलं. त्यांना मी आणू शकलो नाही, असं तो म्हणाला, आणि फोन ठेवला. पुढच्या अकरा मूर्ती गेल्या असतील, हे त्याला कळलं. त्याला त्याचं फारसं काही वाटेना, एवढंच त्या दिवसातलं बरं होतं.

पाऊस उघडेपर्यंत तो टपरीवरच थांबला आणि घरी पोचला तेव्हा दिवे लागले होते. गाडीचा आवाज ऐकून निशिगंधा लगबगीनं दारात आली. तिनं नवी साडी नेसली होती. आतून गूळतुपाचा वास येत होता. जमिनीवर तीन पाट मांडलेले, तीन ताटं वाढायच्या तयारीत, आणि मधल्या ताटाभोवती रांगोळीची महिरप काढलेली. सकाळी तो आक्काकडे जातोय म्हटल्यावर तिनं जे समजायचं तेच समजलं होतं. पंचमीच्या दिवशी भाऊ बहिणीकडं दुसऱ्या कशाला जातो?

ती त्याच्या खांद्यावरून मागं, गाडीकडं बघत राहिली.

"एकटंच आलायसा?" ती म्हणाली. "वन्सं कुठं हायत?"