'वणवा'चा शशी

पहिल्या पाळीचा भोंगा झाला की माधवनगरच्या गिरणीच्या फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडे, आणि त्या लोंढ्यात शशी ओळखू यायचा तो त्याच्या भुवयांवरून. कापसाचे पांढरे तंतू तिथे असे रुतून बसलेले असत की बाविसाव्या वर्षीच त्याला वार्धक्याने गाठलंय असं वाटावं. मग तो हसायचा, मनगटाने कपाळ पुसायचा, आणि ते उसनं म्हातारपण त्या एका हालचालीत गळून पडायचं. आवाज मात्र त्याचा कधीच कोवळा नव्हता. गूळ ओतून घेतल्यावर काहिलीच्या तळाशी जो करपट गोडवा चिकटून राहतो, त्या जातीचा तो आवाज होता. किंचित जळका, किंचित खरखरीत, आणि एकदा जिभेवर आला की दिवसभर न जाणारा. यंत्रांच्या गदारोळात शेजारच्या माणसाला हाक मारायची तर छातीच्या तळातून ओरडावं लागतं. "माझं गाणं तिथलंच हाय," तो सांगायचा. "सूर नंतर भेटला, आधी ओरडायला शिकलो."

सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत सांगलीसारख्या गावात चार पोरांनी विजेच्या गिटारी गळ्यात अडकवून स्वतःची गाणी म्हणावीत, हे नवल होतं. त्यांनी आपल्या मेळ्याला नाव दिलं होतं 'वणवा'. शशी गायचा आणि गिटार वाजवायचा; ड्रमवर अन्वर असे. अन्वर मिरजेचा, पिढ्यानपिढ्या सतारी घडवणाऱ्या घरातला. सतारीसाठी राखून ठेवलेल्या तुनच्या लाकडातून त्याने शशीसाठी पहिली गिटार कोरली, तेव्हा त्याच्या अब्बांनी महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तरी तालमी मात्र त्याच घराच्या माळ्यावर व्हायच्या. वाशांना सतारीचे वाळके भोपळे ओळीने टांगलेले असत. शशीने तार छेडली की ते सगळे रिते भोपळे आतल्या आत घुमू लागत, जणू न जन्मलेल्या शंभर सतारी त्या परक्या वाद्याला दबक्या आवाजात दाद देत होत्या.

त्या माळ्यावर मीही दोन वर्षं गेले. सांगलीत मावशीकडे राहून कॉलेज करत होते. जादा तास असल्याचं सांगून सायकल मिरजेच्या रस्त्याला लावायची. त्यांना साथीला बाईचा आवाज हवा होता आणि स्नेहसंमेलनातलं माझं गाणं अन्वरने ऐकलं होतं. शशीने एक गाणं रचलं होतं, पाळी सुटून घरी निघालेल्या माणसाचं. तो म्हणायचा, "वळणावरून हाक दिली, ऐकू येते का?" आणि मी उत्तर द्यायची, "येते रे येते, थांब जरा, निघालेच आहे मी." एवढंच. पण त्या दोन ओळींच्या मधे तो एक क्षण थांबायचा, डोळे मिटून मान किंचित तिरपी करायचा, खरोखरच कुणाची तरी चाहूल घेत असल्यासारखा. आणि समोरची हजार माणसं त्याच्याबरोबर श्वास धरायची. प्रेम म्हणावं असं आमच्यात काही बोललं गेलं नाही. बोलायची गरज वाटावी इतकी शांतताच त्या माळ्यावर कधी नव्हती.

मग कुणीतरी साताऱ्याला वडिलांच्या कानावर घातलं. ते स्वतः मला न्यायला आले तो शुक्रवार होता. शनिवारी कराडला कार्यक्रम होता, आणि गुरुवारी संध्याकाळीच मी शशीला सांगून आले होते, "एस.टी. स्टँडवर थांब, येते मी." निरोप धाडता आला असता. मावशीच्या घरासमोरच अन्वरचा मावसभाऊ सायकली दुरुस्त करायचा. दोन वाक्यांची चिठ्ठी पुरली असती. मी ती लिहिली नाही. नंतर कळलं की कराडच्या मंचावरून त्याने माझं नाव तीनदा पुकारलं होतं. दोन महिन्यांनी माझं लग्न झालं, आणि गाणं मी माहेरच्या ट्रंकेत जुन्या वह्यांखाली ठेवावं तसं ठेवून दिलं.

सासर साताऱ्यात असलं तरी सासरचं मूळ गाव विट्याजवळचं. चैत्रातल्या जत्रेला आम्ही दरवर्षी जायचो. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली गावची माणसं त्या आठवड्यात परत येत. देवळाला रंग लागे आणि वर्षभर मुकं असलेलं गाव कर्ण्यांनी दणाणून जाई. नव्वदीतल्या अशाच एका जत्रेत, देवळाच्या पारावर टेकवलेल्या फळ्यावर मी खडूने लिहिलेलं वाचलं: 'दुपारी दोन वाजता, कुस्त्यांच्या आधी, वणवा.' संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम पुण्याहून आलेल्या नव्या संचाचा होता, नाचणाऱ्या मुलींसकट. यांच्या वाट्याला आलं होतं ते टळटळीत ऊन आणि आखाड्याकडे डोळे लावून बसलेला पुरुषांचा जमाव.

मी लिंबाखाली बायकांमधे बसले. शेजारी माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्कासाहेब. मंचावर चौघांतले दोघेच उरले होते, शशी आणि अन्वर; बाकी वाद्यांवर अनोळखी पोरं होती. शशीच्या भुवया आता, चाळिशीतच, खऱ्या पांढऱ्या झालेल्या, आणि मनगटाने कपाळ पुसलं तरी त्या पांढऱ्याच राहत होत्या. भर चैत्रात त्याने गळ्याला मफलर गुंडाळली होती. अंगातला शर्ट एखाद्या दांडीवर वाळत घातल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता. त्याने पहिला सूर लावला. आवाजातला गोडवा पार आटून गेला होता. उरलं होतं ते नुसतं करपलेपण. वरच्या पट्टीत जाताना तो सूर अर्ध्यावरच फाटायचा, आणि तो फाटतोय असं दिसलं की मागून अन्वर झांजेवर असा घाव घालायचा की फाटलेली जागा झाकली जावी. मित्राचं उघडं पडलेलं अंग माणूस अंगावरचं उपरणं टाकून झाकतो, तसं तो वाजवत होता. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसेल. मी त्या दोघांबरोबर दोन वर्षं गायले होते, मला प्रत्येक घाव कळत होता.

"आवं, बास करा की आता! कुस्त्या लावा!" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हाताऱ्याला घसा न्हाई आन् गातंय लय!" हशा पिकला. शशीही हसला, माईकपासून तोंड वळवून खोकला, आणि पुन्हा गाऊ लागला. इतक्यात पलीकडे आखाड्यावर हलगी कडाडली. तो आवाज कानी पडला की आमच्याकडचा पुरुष जागेवर राहत नाही. बघता बघता निम्मा मांडव रिकामा झाला. धोतरं झटकत, चपला शोधत माणसं उठली, आणि धुळीच्या लोटापलीकडे मंचावरची ती दोन माणसं एकाएकी फार लहान दिसू लागली. राहिलो आम्ही बायका, उन्हाला भिऊन सावली न सोडलेल्या.

शशीने गिटार जरा खाली केली. समोरच्या उरलेल्या माणसांवरून सावकाश नजर फिरवली आणि म्हणाला, "आता शेवटचं. हे आमचं लय जुनं गाणं हाय. ह्यातली दुसरी ओळ एक बाई म्हणायच्या. आज त्या न्हाईत. कुणाला येत असली, तर बसल्या जागेवरनं म्हणा. मी थांबतो."

आणि त्याने ती ओळ म्हटली. वळणावरून हाक दिली, ऐकू येते का?

तो थांबला. मान तशीच किंचित तिरपी, डोळे तसेच मिटलेले. अन्वरने काठ्या मांडीवर ठेवल्या. पलीकडे हलगी वाजत होती, वर लिंबाचा मोहर टपटप गळत होता, आणि माझ्या घशाशी ती ओळ वीस वर्षांच्या धुळीतून वर येऊन उभी राहिली होती, शब्द न् शब्द, सुरासकट. ओठ हलले असावेत. कारण अक्कासाहेबांनी मान वळवून विचारलं, "वैजू, तुला येतंय का काय गं त्ये?"

पन्नास बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्यांत माझी सासू होती, नणंदा होत्या, पुढच्या वर्षी जिचं लग्न काढायचं होतं ती माझी मुलगी होती.

"छे हो," मी म्हणाले. "मला कुठलं यायला?"

किती वेळ तो थांबला होता कोण जाणे. मग त्याने डोळे उघडले आणि माझीही ओळ स्वतःच म्हटली. "निघालेच आहे मी" वर तर सूर उरलाच नाही. नुसता श्वास होता, खरखरणारा, वाळल्या पानांवरून काहीतरी ओढत न्यावं तसा. या वेळी अन्वरने झांज वाजवली नाही. गाणं संपलं. दोन-चार बायकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून किळस येते.

श्रावणात मावशीच्या वर्षश्राद्धाला सांगलीला गेले, तेव्हा बाजारात अन्वर भेटला. त्याने लगेच ओळखलं. जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी शशीला मिरजेच्या दवाखान्यात दाखल केलं होतं म्हणाला. घशात गाठ होती, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. "त्याला माहीत होतं," अन्वर म्हणाला. "तारीख आधीच ठरली होती. मला म्हणाला, एवढी जत्रा करू अन् मग कापू दे."

मी तशीच माधवनगरला गेले. एका खोलीचं घर, दाराशी तुळस, आत खाटेवर उशीला टेकून शशी. गळ्याभोवती पांढरी पट्टी, तिच्यातून श्वास शीळ घातल्यासारखा ये-जा करत होता. मला पाहून त्याने शर्टाचं वरचं बटण लावायचा प्रयत्न केला; पट्टी झाकली जाईना, तसा हात खाली घेतला. त्याच्या बायकोने चहा ठेवला. मुलं किती, साहेब काय करतात, हे तो पाटीवर लिहून विचारत होता, आणि मी उत्तरं देत होते, गरजेपेक्षा मोठ्याने, जणू आवाज गेलेल्या माणसाला ऐकूही कमी येतं. मग त्याने पाटी पुसली, बराच वेळ पेन्सिल नुसती धरून ठेवली, आणि लिहिलं: 'चैत्रात विट्याकडच्या जत्रेला होतीस?'

खरं सांगायला त्या खोलीत कुणाची आडकाठी नव्हती. सासू नव्हती, नणंदा नव्हत्या. तरी मी म्हणाले, "नाही रे. यंदा जमलंच नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो पुन्हा वाकला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बरं झालं. कार्यक्रम बरा झाला नाही.' आणि तळहाताने ते पुसून टाकलं.

अन्वर मला स्टँडपर्यंत सोडायला आला. बस लागली होती. पायरीवर पाऊल ठेवताना तो मागून म्हणाला, "वैजू, राग मानू नकोस. पण त्यानं तुला पाह्यलं होतं गं. लिंबाखाली, हिरव्या साडीत. ते गाणं आमच्या यादीत नव्हतंच."

मी आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसले.

शशी दिवाळीपर्यंतही राहिला नाही. 'वणवा'ची तबकडी कधी निघाली नव्हती. ज्या एकदोन फिती होत्या, त्या पुढे आलेल्या एका महापुरात अन्वरच्या माळ्याखालच्या पेटीत कुजून गेल्या. म्हणजे तो आवाज आता जगात जर कुठे असेल, तर आम्हां थोड्या माणसांच्या कानांत, आणि आम्हीही एकेक करून कमी होत आहोत. कधी दुपारी घर रिकामं असलं की मी तो आठवू पाहते; पण त्याच्यापर्यंत जायचं तर आधी लिंबाखालची ती शांतता ओलांडावी लागते, आणि इतकी वर्षं उलटली तरी मी अजून तिच्या अलीकडेच उभी आहे.