ढोलीतला लॅपटॉप

रंजितानं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "हातातून पडला, मॅडम."

अल्का मॅडमनी झाकण उघडलं. पडद्यावर आडवी भेग गेली होती. नवेगाव बांधजवळच्या त्या शाळेत एका संस्थेनं नववीच्या मुलांना लॅपटॉप दिले होते आणि त्यांची देखरेख अल्काकडे होती. नियम ठरलेला होता: चूक घरची असली तर दुरुस्तीचा निम्मा खर्च पालकांचा, आणि पुढे लॅपटॉप शाळेतच राहणार.

शनिवारी अल्का तो घेऊन गोंदियाला गेली. दुकानदारानं कीबोर्ड उचकटला आणि हसला. "मॅडम, इसमें तो धान भरा है!"

सोमवारी तिनं रंजिताला पुन्हा विचारलं. पोरगी जमिनीकडे बघत तेच म्हणाली, "पडला."

दुसऱ्या दिवशी तिची आई, कुसुमबाई, थेट मुख्याध्यापक भूपेंद्र सरांच्या खोलीत आली. सर आणि अल्का दोघंही तिथंच होते.

"पोरगी खोटं बोलून राहिली," ती म्हणाली. "लग्नाले जायचं होतं. घराले कुलूप नाई. चोरी होईल म्हणून म्याच ते लुगड्यात गुंडाळून धान साठवाच्या ढोलीत पुरलं. मागून दीरानं वर पोती टाकली. त्याले का मालूम?"

"म्हणजे चूक घरचीच," सर म्हणाले. "निम्मा खर्च भरावा लागेल."

"भरतो. पण पोरीले ते घरी नेऊ द्या. इथं कुलपात ठेवून पोरगी का शिकन?"

"नियम आहे, बाई."

आता अल्का बोलली. "सर, हे सांभाळायचं कसं, ते आपण पालकांना कधी सांगितलंच नाही. नुसत्या सह्या घेतल्या."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या जबाबदारीवर देता?"

"देते."

व्हरांड्यात रंजिता ऐकत उभी होती. आई बाहेर येताच ती म्हणाली, "काऊन सांगितलं तू? म्या माह्यावर घेतलं होतं ना!"

"कायले घेतलं?"

"सगळे तुले हसतीन."

"हसू दे."

पोरगी मागे न बघता वर्गात निघून गेली. अल्कानं सगळं ऐकलं, पण मध्ये पडली नाही.

लॅपटॉप दुरुस्त होऊन आला. कुसुमबाई राहिलेले पैसे द्यायला आली, तेव्हा तो टेबलावरच होता. जाता जाता ती दारात थांबली.

"मॅडम, चालू करून दाखवता का?"

"घरी पाहिला नाही?"

"अभ्यास करून राहते ते. मधात कायले जाचं?"

अल्कानं हात पुढे केला, मग मागे घेतला. शिपायाला पाठवून तिनं रंजिताला वर्गातून बोलावलं. "आईला दाखव," एवढंच म्हणाली आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

आतून झाकण उघडल्याचा आवाज आला. मग रंजिता हळू आवाजात म्हणाली, "हे पाह्य. इथं दाब."