होणाऱ्या सुनेची दोन अक्षरं

निव्हेस फँतेकीबाईंच्या तोंडाला कुलूप घालणारा फ्लॉरेन्समध्ये अजून जन्मला नव्हता, आणि त्यांच्या हाताला चूक माहीतच नव्हती. आर्नो नदीच्या पलीकडच्या अंगाला, चामड्याच्या बॅगांच्या एका दुकानात बाई चाळीस वर्षं एकच काम करत होत्या. महागड्या बॅगांवर गिऱ्हाइकाच्या नावाची आद्याक्षरं उठवायची. अक्षरांचे पितळी खिळे तापवायचे, चामड्यावर सोन्याचा वर्ख ठेवायचा, दाबयंत्राचा दांडा खाली ओढायचा आणि तीन मोजायचे. उठलं ते उठलं, मग देव आला तरी पुसता येत नाही.

नवी नवी प्रेमात पडलेली जोडपी आली की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "दोघांची अक्षरं एकाच बॅगेवर? बॅग वीस वर्षं टिकेल हं. तुमचं काय?" मालक कपाळाला हात लावायचा. जोडपी मात्र हसायची आणि वर्षभरानं पुन्हा यायची, कधी तीच, कधी निम्मी बदललेली.

तर अशा या बाईंच्या एकुलत्या एका मुलाचं, नेरीचं, लग्न ठरलं. मुलगी कोरिन व्हिटेकर, अमेरिकेतल्या ओहायोची. पोर गुणी होती, इटालियनही बोलायची, पण बाईंना इतकं अदबीनं "तुम्ही, सिन्योरा" म्हणायची की आपण बँकेत आलोय की काय असं बाईंना वाटे. खरी धास्ती वेगळीच होती. लग्नानंतर राहायचं कुठं हे दोघांचं ठरलं नव्हतं. ओहायोत तिच्या वडिलांचं मोठं घर होतं आणि नेरीसाठी नोकरीही तयार होती. मुलगा समुद्रापार गेला तर काय, हाच विचार बाईंच्या डोक्यात घोळायचा. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. पोरीचं मन इथं रमायला हवं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

आपल्या जिभेवर बाईंचा भरवसा नव्हता, हातावर होता. त्यांनी मधाच्या रंगाच्या मऊ चामड्याची बॅग शिवून घेतली आणि तिच्यावर स्वतः दोन अक्षरं उठवली, कोरिनचा सी आणि व्हिटेकरचा डब्ल्यू. डब्ल्यूचा खिळा पेटीच्या तळाशी पडलेला असायचा, इथं कुणाच्या नावात डब्ल्यू असतो? बाईंनी तो घासून लख्ख केला आणि कातडीच्या तुकड्यावर सात वेळा उठवून पाहिला.

रविवारच्या जेवणाला कोरिननं बॅग उघडली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. "फार सुंदर आहे, सिन्योरा," ती म्हणाली. जाताना बॅग खुर्चीवरच राहिली.

संध्याकाळी नेरीचा फोन आला.

"आई, काय केलंस तू हे?"

"काय केलं? बॅग दिली."

"माझ्या बाल्दुची आडनावातला बी कुठाय तिच्यावर? तिच्याकडं लग्न झालं की बायको नवऱ्याचं आडनाव लावते. तिला वाटलं, तू सुचवतेयस की माहेरचीच राहा, आमच्यात येऊ नकोस. रडतेय ती. म्हणते, ओहायोच बरं."

बाईंनी फोन ठेवला. लग्न झालं म्हणून बाईनं आपलं नाव सोडायचं असतं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. लोरियानो बाल्दुचीशी संसार करून त्यांना अडतीस वर्षं झाली होती, आणि त्या अजून फँतेकीच होत्या. दारावर दोन नावं होती, दोन भाडेकरू राहत असावेत तशी. बरं, दुकानात कुणीही आलं तरी बाई आधी त्याच्याच हातानं अक्षरं कागदावर लिहून घ्यायच्या. या एका पोरीला तेवढं विचारलं नाही, का तर म्हणे गंमत करायची होती. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती.

लोरियानो पावाच्या तुकड्यानं ताटलीतला रस्सा पुसत होता. "चाळीस वर्षांत एक चूक केलीस," तो म्हणाला, "तीही घरच्याच गिऱ्हाइकाची."

"तू गप्प बस. तुझ्या त्या बीनं आजवर एक ताटली तरी विसळलीय का?"

पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सोमवारी सकाळीही नुसत्या कॉफीवर बॅग घेऊन दुकानात गेल्या. अक्षरांचा तुकडा कापून काढून नवा लावता येईल का, हे त्या उलटसुलट बघत होत्या. सुरी टेकवायचा धीर होत नव्हता. एवढ्यात दार वाजलं आणि कोरिन आत आली.

"सिन्योरा, काल मी बॅग विसरले. माफ करा."

"विसरली नाहीस, ठेवून गेलीस," बाई म्हणाल्या. "आणि माफी मी मागायची. बस. मला कळलं नाही गं. इथं नाव कुणीच बदलत नाही. मी तुला लांब ठेवत नव्हते. तुझं नाव मला आवडतं म्हणून उठवलं."

कोरिन स्टुलावर बसली. "मला वाटलं, तुम्हाला मी नको आहे."

"नको असतीस तर पुठ्ठ्याची बॅग दिली असती." बाईंचा आवाज खाली आला. "मला एकच भीती आहे, तू माझ्या पोराला घेऊन जाशील याची. दुसरी नाही. आता सांगून टाकलं. बी हवाय ना तुला? घालते. डब्ल्यूच्या पुढं जागा आहे. अक्षरं मधोमध दिसणार नाहीत, पण घालते."

वाकडं काम बाईंनी जन्मात केलं नव्हतं. त्यांनी बीचा खिळा उचलला.

कोरिन बघत होती. "तुम्ही अडतीस वर्षं बाल्दुची नाही, तरी ते घर तुमचंच आहे. मग ते तुमचं झालं कशानं?"

"भांडून," बाई म्हणाल्या. "आणि रविवारी रांधून."

कोरिन पहिल्यांदा मोकळं हसली. "मग बी नको. तुमचा एफ घाला."

"एफ? फँतेकीचा? लोक विचारतील, हा कुणाचा म्हणून."

"सांगेन, जिनं बॅग दिली तिचा."

बाईंना उत्तर सुचलं नाही. फ्लॉरेन्सनं हे पाहायला हवं होतं. फ्रान्चेस्का, फेदेरिका, फियामेत्ता, कितीजणींचे एफ त्यांनी उठवले होते, पण स्वतःचा एकही कशावर नव्हता. त्यांनी बी परत पेटीत टाकला, एफचा खिळा तापवला, वर्ख ठेवला आणि दांडा ओढला. तीनवर थांबायचं ते पाचापर्यंत मोजलं गेलं. एफ शेजारच्या दोघांपेक्षा काळपट उठला, वर थोडा तिरका.

"करपला," बाई म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला. "राहू दे. आणि आता ते 'तुम्ही, सिन्योरा' बंद कर, मी काही बँक नाही."

कोरिननं बॅग खांद्याला लावली. इतका वेळ ती बाईंच्या चेहऱ्याकडं बघत होती. जरा चाचरतच तिनं विचारलं,

"तू जेवलीस का?"

"कालपासून नाही," निव्हेसबाई म्हणाल्या, आणि मालकाला न विचारता त्यांनी दुकानाचा दिवा मालवला.